फायटिंग गेमचा समुदाय कशावर टिकतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दोघांनी समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेममध्ये आज स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ जोरात असताना लोक १९९९ चा थर्ड स्ट्राइक, म्हणजे स्ट्रीट फायटर ३ ची शेवटची आवृत्ती, आणि २००१ चा मेली अजून स्पर्धेत का खेळतात? आणि आज एखाद्या नव्या गेमवर दोन-तीन वर्षं घासून हात बसवला, तर तो गेम मध्येच गार पडून मेहनत वाया जाईल का? शिवाय तुम्ही स्ट्रीट फायटर ६ खेळता, तर थर्ड स्ट्राइककडे वळावं का, हेही विचारलंय. ही काळजी मला चांगली कळते. पुण्यात मी बरीच वर्षं छोट्या स्पर्धा भरवतोय आणि नवा खेळाडू थोडा मुरला की हमखास हेच विचारतो.

माझं मत आधीच सांगतो. गेम किती सुंदर आहे, संतुलन किती चांगलं आहे, बक्षीस केवढं आहे, यावर समुदायाचं आयुष्य फारसं ठरत नाही. तो गेम खेळणाऱ्यांच्या हातात किती आहे, यावर ठरतं. कंपनीने उद्या पाठ फिरवली तरी शनिवारी संध्याकाळी सहा जण कोणालाही न विचारता एका खोलीत जमून, किंवा आपापल्या घरून, तोच गेम व्यवस्थित खेळू शकतील का? खेळू शकत असतील तर वीस वर्षं सहज जातात. नसतील तर पाच वर्षंही अवघड.

थर्ड स्ट्राइकपासून सुरुवात करू. या गेममध्ये फटका अडवण्याचे दोन मार्ग आहेत. स्टिक मागे ओढून धरली की ब्लॉक होतो. तो सुरक्षित, पण स्पेशल आणि सुपर फटक्यांचं थोडं नुकसान त्यातूनही झिरपतं. दुसरा मार्ग पॅरीचा. फटका अंगावर येतोय त्याच क्षणी स्टिक पुढे, म्हणजे फटक्याच्या दिशेने, टेकवायची. वेळ साधली तर नुकसान शून्य आणि उलट मारायची संधी. चुकली तर ब्लॉकही नाही, पूर्ण मार. २००४ च्या एव्होत, म्हणजे फायटिंग गेमच्या सगळ्यात मानाच्या वार्षिक स्पर्धेत, लूझर्स फायनलमध्ये (एकदा हरलेल्यांच्या गटाची शेवटची लढत), दायगो उमेहारा केन हे पात्र घेऊन आणि जस्टिन वाँग चुन-ली घेऊन समोरासमोर होते. दायगोच्या पट्टीत इतकं कमी आयुष्य उरलं होतं की ब्लॉक करूनही तो मेला असता. वाँगने सुपर सोडला: पंधरा लाथा, एकामागून एक. दायगोने पंधराही पॅरी केल्या, शेवटची उडी मारून हवेत, आणि खाली येता येता केनचा स्वतःचा सुपर लावून फेरी जिंकली. तो व्हिडिओ पाहून या खेळात आलेली माणसं आजही भेटतात.

पण व्हिडिओ माणसाला दारापर्यंत आणतो, एवढंच. आत आल्यावर खेळायला कोणी भेटतं का, हे महत्त्वाचं. थर्ड स्ट्राइकच्या बाबतीत भेटत होतं. जपानमध्ये २००३ पासून कोऑपरेशन कप नावाची पाच-पाच जणांच्या संघांची स्पर्धा खेळाडूंनीच चालवली. टोकियोत ताकादानोबाबाच्या मिकादोसारख्या गेम सेंटरांनी जुन्या मशीन जपल्या, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी स्पर्धा घेतल्या आणि त्या थेट दाखवल्या. ज्यांच्या गावात असं काही नव्हतं ते फाइटकेडवर, म्हणजे जुने आर्केड गेम इंटरनेटवरून खेळायच्या ठिकाणी, आले. यातलं काहीही गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने सांगितलं म्हणून झालं नाही. २०२४ ला एव्होने गेमच्या पंचविसाव्या वर्षी त्याला लास व्हेगासच्या मुख्य यादीत घेतलं आणि हायाओ नावाचा जपानी खेळाडू ह्यूगो घेऊन जिंकला. ह्यूगो म्हणजे धिप्पाड, संथ, पकडून आपटणारा पैलवान. चुन-ली, यून आणि केन यांच्या तुलनेत त्याला कोणी वरच्या रांगेत धरत नाही. पंचवीस वर्षं घासलेल्या गेममध्ये असा गडी एव्हो जिंकतो, म्हणजे त्या गेममध्ये शोधण्यासारखं अजून शिल्लक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं की जुने गेम टिकले कारण ते संतुलित होते. अजिबात नव्हते. सुपर टर्बोमध्ये, म्हणजे १९९४ च्या स्ट्रीट फायटर २ च्या शेवटच्या मोठ्या आवृत्तीत, लपलेला अकुमा इतका भारी आहे की खेळाडूंनीच त्याला स्पर्धेतून बाहेर ठेवलं. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ मध्ये ५६ पात्रं आहेत आणि मोठ्या स्पर्धेत वर्षानुवर्षं मॅग्निटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल हेच चेहरे दिसले. आर्क सिस्टम वर्क्सच्या फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार गेममध्ये तर एकदा नीट फटका बसला की समोरच्याला जमिनीवर चेंडूसारखं टप्पे देत संपवेपर्यंत मारता येतं आणि ही सोय जवळजवळ सगळ्याच पात्रांना आहे. तरी टोकियोत नाकानोच्या टीआरएफ या गेम सेंटरने तो गेम वर्षानुवर्षं उचलून धरला. कारण सगळेच इतके भारी असले की पहिला फटका कोण मारतो याचं एक वेगळंच शास्त्र तयार होतं आणि त्या शास्त्राचे अभ्यासकही.

मुद्दा असा की या गेमना पॅच, म्हणजे कंपनीने नंतर पाठवलेल्या दुरुस्त्या, येत नव्हते. आज एखादी चाल डोईजड झाली की आपण कंपनीकडे बघतो. पुढच्या महिन्यात ती कमी करतील म्हणून वाट बघतो. तिथे बघायला कोणीच नव्हतं. चालीवर उतारा तुम्हीच शोधायचा, नाहीतर एकत्र बसून नियम ठरवायचा आणि तो सगळ्यांनी पाळायचा. अशा लोकांना गेम चालवायची सवय लागते. ते नुसते गिऱ्हाईक राहत नाहीत.

मेलीची गोष्ट या बाबतीत सगळ्यात बोलकी आहे. सुपर स्मॅश ब्रदर्स मेली २००१ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला. घरातल्या पोरांनी पार्टीत खेळावा म्हणून बनवलेला गेम. खेळाडूंना त्यात वेव्हडॅश सापडला: उडी मारता मारता लगेच तिरपं जमिनीकडे हवाई डॉज केलं, म्हणजे हवेत अंग चुकवायची चाल केली, की पात्र उभ्या उभ्या घसरतं, आणि घसरत असताना हल्ला करायला मोकळं असतं. अशा गोष्टींमुळे हाताचा वेग आणि डोक्याचा वेग दोन्ही पणाला लागायला लागले. २००८ मध्ये पुढचा भाग ब्रॉल आला. तो मुद्दाम संथ केला होता आणि त्यात पात्र धावायला लागलं की मधूनच, विनाकारण, अडखळून पडायचं. बरेच जण नव्या गेमकडे गेले, नव्या गेमकडे जायचंच असतं म्हणून. काही मागे थांबले, आणि गेलेल्यांपैकीही कितीतरी परतले.

२०१३ मध्ये एव्होने शेवटच्या एका जागेसाठी स्तनकर्करोग संशोधनाला देणग्या गोळा करण्याची चढाओढ लावली. ज्या गेमच्या नावाने जास्त रक्कम येईल तो यादीत. मेलीच्या लोकांनी एकट्याने ९४ हजार डॉलरहून जास्त जमवले. बारा वर्षं जुन्या गेमसाठी. मग स्पर्धा तोंडावर असताना निन्टेन्डोने तिचं प्रक्षेपण करायला मनाई केली, लोक खवळले, आणि काही तासांत मनाई मागे घ्यावी लागली. कंपनी पाठीशी नाही हे त्या दिवशी सगळ्यांना स्वच्छ दिसलं, आणि तिच्याशिवाय चालतं हेही.

आता हे चालवायला काय लागतं ते जवळून बघा. गेमक्यूबचा सिग्नल सपाट टीव्हीला दिला की टीव्ही आधी त्या चित्रावर प्रक्रिया करतो आणि त्यात काही फ्रेम जातात. मेलीसारख्या गेममध्ये तेवढ्याने सगळं बिघडतं. म्हणून मेलीच्या स्पर्धांना काचेच्या नळीचे जुने, पाठीला पोट असलेले टीव्ही लागतात. ते आता कोणी बनवत नाही. अमेरिकेत लोक भंगारात निघालेले टीव्ही गोळा करतात, गॅरेजमध्ये साठवतात, आणि स्पर्धेच्या दिवशी गाडीत टाकून हॉलवर आणतात. दोन माणसांनी धरून जिना चढवायचा, संपलं की परत उतरवायचा. कंट्रोलरचं तसंच: स्टिक झिजते, कोन बदलतात, म्हणून लोकांनी स्वतः सर्किट बोर्ड बनवले, खाचा घासायला शिकले. हे सगळं करणारा माणूस बहुतेक वेळा स्पर्धेत पहिल्या फेरीतच हरतो. माझ्या लेखी समुदायाचा कणा तोच आहे.

२०२० मध्ये महासाथीत सगळे हॉल बंद झाले, तेव्हा फिझी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरच्या स्लिपी प्रकल्पातून मेलीला घरबसल्या खेळण्यासाठी रोलबॅक नेटकोड (इंटरनेटवरून दोन यंत्रं जुळवून खेळवणारा भाग) मिळाला. एकोणीस वर्षं जुन्या गेमचा ऑनलाइन अनुभव त्या वर्षी बाजारातल्या कित्येक नव्या गेमपेक्षा चांगला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोने स्लिपी वापरणाऱ्या, बिग हाउस या मोठ्या स्मॅश स्पर्धेच्या ऑनलाइन आवृत्तीला कायदेशीर नोटीस देऊन ती बंद पाडली. स्पर्धा गेली, समुदाय राहिला. आणि २०२२ मध्ये, प्रत्यक्ष भरलेल्या बिग हाउसमध्ये, जपानचा आम्सा योशी हे पात्र घेऊन जिंकला. योशी घेऊन मोठी स्पर्धा जिंकता येते यावर तोवर फार थोड्यांचा विश्वास होता. गेम एकविसाव्या वर्षात होता.

रोलबॅक म्हणजे काय हे सविस्तर सांगतो, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोणते गेम जगले आणि कोणते मेले याचं निम्मं उत्तर तिथे आहे. हे गेम सेकंदाला साठ फ्रेम चालतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. तुमचा आणि माझा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, १०० मिलिसेकंद असेल तर तुमचं बटण माझ्यापर्यंत यायला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन फ्रेम. जुन्या पद्धतीत दोन्ही यंत्रं थांबतात: तुमचं बटण येईपर्यंत माझंही बटण चालवत नाहीत. पिंग स्थिर असेल तर गेम चिखलात चालल्यासारखा वाटतो; पिंग वर-खाली झाला की तेवढंही राहत नाही, कारण उशीर दर क्षणी बदलतो आणि हाताला वेळेचा अंदाजच बसत नाही. रोलबॅकमध्ये माझं यंत्र थांबत नाही. मागच्या फ्रेमला तुम्ही जे दाबून धरलं होतं तेच आताही दाबलंय असं धरून ते पुढे चालतं. खरं बटण आल्यावर अंदाज बरोबर निघाला तर काहीच करायचं नाही. चुकला तर यंत्र दोन-तीन फ्रेम मागे जातं, खऱ्या बटणाने तेवढा भाग पुन्हा चालवतं आणि डोळ्याला कळायच्या आत आजच्या क्षणाला येऊन पोहोचतं. कधीतरी समोरचा जरा उडी मारल्यासारखा सरकतो, पण तुमचं स्वतःचं बटण तुम्ही दाबलं तेव्हाच लागतं. फायटिंग गेममध्ये याहून मोठं काही नाही.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं टोनी कॅननने, २००६ मध्ये, जीजीपीओ नावाने. तो एव्होच्या संस्थापकांपैकी एक. स्ट्रीट फायटर २ ची एक्सबॉक्स ३६० वर आलेली ऑनलाइन आवृत्ती त्याला खेळवेना, म्हणून त्याने स्वतः बसून मार्ग काढला. पुढे फाइटकेडसारख्या ठिकाणी जुने आर्केड गेम याच विचारावर खेळले जाऊ लागले आणि २०१९ मध्ये त्याने तो कोड सगळ्यांसाठी मोकळा केला. मोठ्या कंपन्यांना हे पटायला फार वेळ लागला. ड्रॅगन बॉल फायटर झी २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्यासारखी गर्दी दुसऱ्या कोणालाच नव्हती. पण त्याचा नेटकोड जुन्या पद्धतीचा होता, आणि महासाथीत जगात कुठेच एकत्र बसता येईना तेव्हा त्याचे हाल झाले. रोलबॅक मिळाला २०२४ मध्ये. उलट गिल्टी गिअर एक्सएक्स अ‍ॅक्सेंट कोर प्लस आर या जुन्या गेमला २०२० च्या शेवटी रोलबॅक मिळाला आणि वर्षानुवर्षं ओस पडलेल्या लॉबीत एका रात्रीत माणसं दिसायला लागली. गेम तोच, एक अक्षर बदललेलं नाही. फक्त तो लोकांच्या हाताशी आला.

हाताशी असणं आणि हातात असणं यातही फरक आहे, आणि नव्या गेमबद्दल मला खरी काळजी वाटते ती इथे. सुपर टर्बोच्या आर्केड बोर्डावर एक बॅटरी असते. गेमचा कोड उलगडायची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मरतो. खेळाडू तिला सुसाइड बॅटरी म्हणतात. कंपनीने नकलांना आळा घालायला केलेली सोय होती ती, पण तिच्यामुळे अस्सल बोर्डही एकेक करून मरत होते. हौशी तंत्रज्ञांनी बोर्ड उकलून किल्ली परत लिहायची पद्धत शोधली आणि आज मेलेला बोर्ड जिवंत करता येतो. हे शक्य झालं कारण बोर्ड त्यांच्या टेबलावर होता. सर्व्हर कोणाच्या टेबलावर नसतो.

मल्टिव्हर्ससचं बघा. २०२२ मध्ये आला, त्याच वर्षी एव्होत पोहोचला, मग मागे घेतला, २०२४ मध्ये पुन्हा आला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद. एकत्र बसून खेळायची सोय तेवढी उरली. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट २०१७ ला आला आणि पुढच्याच वर्षी एव्होच्या यादीत नव्हता, तर त्याच घराण्यातला २००० चा दुसरा भाग २०२५ ला पुन्हा एव्होच्या मंचावर होता. मधल्या काळात, २०१३ च्या अखेरीपासून, परवान्याच्या भानगडीत तो विकतही मिळत नव्हता. २०२४ च्या संग्रहात परत आला. दहा वर्षं तो जगला जुन्या डिस्कवर आणि जुन्या कन्सोलवर, ज्यांच्याकडे होत्या त्यांनी इतरांना खेळू दिलं म्हणून.

पॅचचीही एक बाजू आहे जी फार कोणी बोलत नाही. स्ट्रीट फायटर ५ पहिल्या वर्षी जसा होता तसा आज इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर खेळता येत नाही. अपडेटने तो पुसला. कोणाला ती आवृत्ती वीस वर्षांनी तपासायची इच्छा झाली तर काय? थर्ड स्ट्राइकवाले १९९९ ची चाल २०२४ मध्ये वापरतात. नव्या गेममध्ये ज्ञान साठत जातं, पण दर काही महिन्यांनी त्यातला काही भाग निकामी होतो. पॅच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. नवख्या माणसाला ते गेममध्ये ठेवतात. पण एकाच गेमचा दीर्घ अभ्यास त्याने मोडतो.

नव्या गेमने जे दिलं ते मात्र कमी लेखू नका. स्ट्रीट फायटर ६ आला त्या वर्षी, २०२३ च्या एव्होत, त्या एका गेमला सात हजारांहून जास्त नावं लागली. जुना गेम एवढी माणसं कधीच आणू शकत नाही. सोपी मॉडर्न नियंत्रणं, शिकवणारे धडे, चांगला रोलबॅक, यामुळे आमच्या स्पर्धेत आता असे खेळाडू येतात ज्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरलेली नाही. त्यातले काही, दोन-तीन महिन्यांनी, कोपऱ्यातल्या थर्ड स्ट्राइकच्या सेटअपजवळ उभे राहून विचारतात की हे काय आहे. जुन्या गेमला नवी माणसं अशीच मिळतात. नव्या गेमशिवाय जुन्याचं वय वाढत जातं आणि मग तो खरंच संपतो.

बक्षिसाबद्दल दोनच वाक्यं. कॅपकॉम कपचं पहिलं बक्षीस आता दहा लाख डॉलर आहे आणि त्याने वरचे पन्नास-शंभर खेळाडू जगतात, हे चांगलंच आहे. गावोगावच्या शनिवारच्या मंडळींना त्याने काही फरक पडत नाही.

आता माणसांकडे येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत लाहोरचा अर्सलान अ‍ॅश जपानमधल्या एव्होला गेला तेव्हा टेकनच्या जगात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. प्रवासात अडकत, धडपडत पोहोचला आणि जिंकला. त्याच ऑगस्टमध्ये लास व्हेगासही जिंकला. कोरियाचा दिग्गज खेळाडू नी मग स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळून आला. ही मंडळी घडली गेम सेंटरमध्ये, रोज एकमेकांशी खेळून, आणि टेकनच्या आधी किंग ऑफ फायटर्सवर हात साफ करून. तालमीत जसं वस्तादापासून नवशिक्यापर्यंत सगळे एकाच मातीत उतरतात, तसं तिथे होतं. वरचा खेळाडू खालच्याला रोज भेटत होता, रोज हरवत होता आणि कुठे चुकलं तेही सांगत होता.

आमच्याकडेही ही माती होती. मुंबई-पुण्यात, नाशिकला, छोट्या गावांतल्या बाजारपेठेतही व्हिडिओ गेम पार्लर होती. ‘मुस्तफा’ (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) सगळ्यांना आठवतो, पण तो एकत्र मिळून खेळायचा गेम. खरी चुरस किंग ऑफ फायटर्स ९७ वर लागायची, आणि नंतर टेकन ३ वर. हरला तो उठला, जिंकला तो बसला. अशा पार्लरांत मी अफाट हात असलेली मुलं पाहिली आहेत. त्यांच्यापासून परंपरा का उभी राहिली नाही? माझ्या मते खेळणाऱ्यांची उणीव नव्हती. नोंद ठेवणारा, तारीख ठरवणारा, या पार्लरच्या मुलांना त्या पार्लरमध्ये घेऊन जाणारा कोणी नव्हता. पार्लर हा धंदा होता. भाडं परवडेना तेव्हा मालकाने शटर ओढलं आणि त्याबरोबर सगळं ज्ञान घरी गेलं. चीनमध्ये त्याच किंग ऑफ फायटर्सवर वाढलेला शाओहाय २०२४ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये स्ट्रीट फायटर ६ जिंकला.

मेहनत वाया जाण्याच्या तुमच्या भीतीला उत्तरही इथेच आहे. शाओहायने गेम बदलला, हात आणि डोकं तेच राहिलं. अर्सलानने टेकन ७ वर २०२३ ची एव्हो जिंकली आणि गेम बदलून टेकन ८ झाल्यावर २०२४ चीही. हांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ ला स्ट्रीट फायटर ५ पदकासाठी होता, भारताचे दोघे त्यात उतरले होते. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने, वय ४४. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, अंतर राखणं, हरताना हात शांत ठेवणं, या गोष्टी गेमबरोबर मरत नाहीत. गेमपुरतं असतं ते कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांच्या साखळ्या, पाठ करणं, आणि ते नव्या गेममध्ये महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा होतं.

मग तुम्ही काय करावं? तुमच्या आसपास जो गेम खेळणारी चार माणसं आहेत तो गेम निवडा, जगात कोणता मोठा आहे ते नंतर. नाशिकमध्ये टेकनवाले असतील तर टेकन. आठवड्याचा एक दिवस ठरवा आणि दोनच जण आले तरी तो मोडू नका. दिवस बदलत राहिला की लोक विचारणं सोडतात. स्पर्धेचे नियम लिहून ठेवा, किती फेऱ्या, कोणता कंट्रोलर, उशीर झाला तर काय, म्हणजे वाद आला तर माणसाकडे बोट जात नाही. मॅच रेकॉर्ड करा, निकाल कुठेतरी जपा. एक जादा कंट्रोलर आणि एक जादा केबल नेहमी पिशवीत असू द्या. नवा माणूस आला की तुमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू त्याच्याशेजारी बसलाच पाहिजे. सलग वीस वेळा मार खाऊन एकटा घरी गेलेला माणूस परत येत नाही. आणि एकाच्या डोक्यावर सगळा भार टाकू नका. भरवणारा थकला म्हणून बंद पडलेले गट मी बंद पडलेल्या गेमपेक्षा जास्त पाहिले आहेत.

ऑनलाइनसाठी सोयीचा पिंग मिळेल असा आपला परिघ म्हणजे भारतातली शहरं; सिंगापूर आणि आखातापर्यंत रोलबॅकवर बऱ्यापैकी खेळता येतं. त्यापुढे जपान किंवा अमेरिका सरावाला नको. हात चुकीच्या वेळेला सरावतो. २०२५ मध्ये सोनीने एव्होमधला आपला हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीला विकला, त्यामुळे इथे मोठ्या स्पर्धा होतील अशी आशा पुष्कळांना आहे. मलाही आहे. पण मोठ्या स्पर्धेत उतरायला आधी जी माणसं लागतात ती शनिवारच्या खोलीतच तयार होतात, आणि ती खोली कोणतीही कंपनी येऊन उघडत नाही.

राहिला प्रश्न थर्ड स्ट्राइकचा. स्ट्रीट फायटर ६ सोडू नका, तोच तुमचा मुख्य गेम राहू दे. माणसं तिथे आहेत. थर्ड स्ट्राइक २०१८ च्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या स्ट्रीट फायटर संग्रहात अधिकृतपणे मिळतो, सुपर टर्बोही त्यातच आहे. केन दोन्ही गेममध्ये आहे, त्यालाच घ्या. पहिले काही दिवस कॉम्बो विसरा आणि ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्याला एकच लांब लाथ मारायला लावून ती पॅरी करा, मग दोन लाथा, मग वेळ बदलून. स्ट्रीट फायटर ६ मधली परफेक्ट पॅरीही त्याने सुधारेल, कारण समोरच्याच्या खांद्याची हालचाल बघायची सवय डोळ्याला तिथेच लागते.